ओहोटीच्या खाडीत फ्लॅटहेड कसा गरवावा

सिडनीकडे राहायला आलेल्या आपल्या मंडळींपैकी कुणी गळ टाकायचं म्हटलं की मी पहिलं नाव फ्लॅटहेडचं घेतो. कोकणात ज्याला गरवणं म्हणतात ते इथे होडीशिवाय जमतं. काठावर उभं राहा, नाहीतर गुडघाभर पाण्यात उतरा. आमिषाला कोळंबीही लागत नाही, माशाच्या आकाराचा मऊ रबरी तुकडा पुरतो. त्याला इथे सॉफ्ट प्लास्टिक म्हणतात.

खाडीत मिळतो तो डस्की फ्लॅटहेड. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर क्वीन्सलँडपासून व्हिक्टोरियापर्यंत तो सापडतो. डोकं वरून दाबल्यासारखं चपटं, तोंड रुंद, पाठ वाळू-चिखलाच्या रंगाची. भक्ष्याच्या मागे तो फार पळत नाही. वाळूत अंग पुरून डोळे तेवढे वर ठेवतो आणि बोयीची पिल्लं, कोळंबी किंवा मुडदुशी जवळून गेली की झडप घालतो. (इथली सँड व्हायटिंग ही आपल्या मुडदुशीची चुलत बहीण, दोघी सिलागो कुळातल्या.) पुढचं सगळं तंत्र या एका सवयीवर उभं आहे: प्लास्टिक तळाला, त्याच्या तोंडासमोर पडलं पाहिजे.

आधी परवाना आणि मोजपट्टी

न्यू साउथ वेल्समध्ये मोठ्या माणसाला मासेमारीचं शुल्क भरावं लागतं, ते ऑनलाइन भरता येतं. डस्की फ्लॅटहेड ३६ ते ७० सेंटीमीटरमधलाच ठेवता येतो, दिवसाला माणशी ५. क्वीन्सलँडमध्ये हीच मर्यादा ४० ते ७५ सेंटीमीटर आहे. नियम बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळ बघाच. वरची मर्यादा मला मनापासून पटते, कारण मोठे फ्लॅटहेड जवळजवळ सगळे माद्या असतात.

पॅरामाटाच्या आसपास राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हार्बर ब्रिजच्या पश्चिमेला पकडलेला कुठलाही मासा खाऊ नये, असा सरकारी सल्ला आहे. तिथल्या गाळात डायॉक्सिन हे विषारी रसायन आहे. तिथे मासा पकडा आणि सोडून द्या.

सामान

सात फुटांची हलकी दांडी, २५०० आकाराचं रीळ, त्यावर साडेचार किलो ताकदीचा वेणीचा दोरा. त्याच्या टोकाला दीडेक मीटर फ्लोरोकार्बनचा पारदर्शक दोरा, सहा-सात किलोचा. फ्लॅटहेडचे दात बारीक पण खरबरीत असतात, दोरा हळूहळू झिजतो. म्हणून प्रत्येक माशानंतर शेवटचा वीतभर भाग बोटांत धरून चाचपायचा. खरखर लागली की तेवढा कापून पुन्हा गाठ मारायची.

प्लास्टिक तीन ते चार इंचांचं, वल्ह्यासारख्या शेपटीचं किंवा वळणदार शेपटीचं. रंगावर मी फार वेळ घालवत नाही. खरा फरक पडतो वजनाने. शिशाचं डोकं असलेल्या गळाला जिगहेड म्हणतात. पाणी मीटर-दोन मीटर असेल तर साडेतीन ग्रॅम, खोल किंवा ओढीच्या पाण्यात सात ग्रॅम. गळाचा आकार २/० किंवा ३/० क्रमांकाचा.

प्लास्टिक गळात ओवणं घाईत करू नका. जिगहेड आधी त्याच्या शेजारी ठेवून गळाचं वळण कुठे येतं ते बघा आणि तिथे नखाने खूण करा. मग टोक नाकाच्या बरोबर मध्यात घालून, प्लास्टिक गळावर सरकवत नेऊन, पाठीवरच्या खुणेतून बाहेर काढा. ते सरळ बसलं पाहिजे. मध्ये कुबड आलं तर पाण्यात गरगर फिरतं. अशा वेळी काढून पुन्हा ओवा.

कधी आणि कुठे

दिवाळी ते होळी हा इथला उन्हाळा, तेव्हा मासा जोरात खातो. पण महिन्यापेक्षा मी भरती-ओहोटीचं वेळापत्रक जास्त बघतो. ओहोटीचे शेवटचे दोन-तीन तास सोन्यासारखे. उथळ वाळूवरचं आणि तिवरांतलं पाणी उतरायला लागलं की बारीक मासळी, कोळंबी त्याच्याबरोबर ओढ्यांतून खाली येते, आणि उथळ जिथे संपून खोल सुरू होतं त्या कडेला फ्लॅटहेड वाट बघत पडलेला असतो. पाण्याचा फिकट रंग जिथे एकदम गडद हिरवा होतो, तीच ती कड.

जागा नवी असेल तर पूर्ण सुकतीला एकदा नुसतं चालून या. वाळूत फ्लॅटहेडचे ठसे दिसतात: पुढे त्रिकोणी डोकं, मागे निमुळतं अंग, साच्यातून काढल्यासारखं. जिथे असे चार-पाच ठसे जवळजवळ दिसतील, तिथे पुढच्या ओहोटीला हजर राहायचं. सिडनीच्या उत्तरेला लेक मॅक्वारी या सरोवरात स्वॉन्सीच्या बाजूला अशा सपाट वाळू भरपूर आहेत. २००२पासून त्या सरोवरात व्यावसायिक मासेमारी बंद आहे.

पाण्यात उतरण्याआधी काठालगतच्या पाण्यात दोन-चार फेका टाका. फ्लॅटहेड घोटाभर पाण्यातही पडलेला असतो. उतरल्यावर पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चाला. वाळूत पाकटही (शेपटीला विषारी काटा असलेले मासे) असतात, घासण्याची चाहूल लागली की ते निघून जातात.

फेकणं आणि पाडणं

प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरपं फेका. दोरा ताणलेला असतो तो अचानक सैल पडतो, म्हणजे तळ लागला. आता दांडीचं टोक दोनदा झटपट वर घ्या: टप, टप. प्लास्टिक तळावरून हातभर उसळेल. मग दांडी हळूहळू खाली आणत त्याला पुन्हा तळाला जाऊ द्या. खाली येताना दोरा ढिला सोडायचा नाही आणि ओढूनही धरायचा नाही. दोन सेकंद थांबा, सुटलेला दोरा गुंडाळा, पुन्हा टप, टप.

मासा बहुतेक वेळा प्लास्टिक खाली पडतानाच घेतो. नवखा माणूस नेमका तेव्हाच कंटाळून रीळ फिरवतो आणि प्लास्टिक माशाच्या डोक्यावरून निघून जातं. खाली पडताना हाताला एक बारीक "टक" लागते, किंवा दोरा मध्येच थांबतो, किंवा बाजूला सरकतो. तिन्हीचा अर्थ एकच, दांडी उचला. चुकलं तर लगेच बाहेर काढू नका. तिथेच पडू द्या, तो बरेचदा पुन्हा येतो. एका जागी पंख्यासारख्या आठ-दहा फेका झाल्या की दहा पावलं पुढे सरका.

काठाला आणताना

सुरुवातीला मासा ओल्या फडक्यासारखा जड येतो. उथळात आला की डोकं झटकतो. त्या वेळी डोकं पाण्याबाहेर काढलं की गेला, माझे चांगले दोन मासे असेच गेले. दांडी खाली, आडवी धरा आणि जाळी डोक्याच्या बाजूने घाला. कल्ल्यांच्या झाकणावर तीक्ष्ण काटे असतात आणि ते खोल जखम करतात. म्हणून डोक्यामागे ओल्या फडक्याने धरा, गळ लांब पक्कडीने काढा. सोडायचा असेल तर पोटाखाली हात देऊन पाण्यात आडवा धरा, जोर आला की आपणच जातो. फाटलेलं प्लास्टिक खिशात घालून घरी आणा, खाडीत टाकू नका.

ठेवायचा मासा लगेच मारून बर्फ-पाण्यात घाला. मांस पांढरं, घट्ट आणि बिनचरबीचं असतं, त्यामुळे जास्त तळलं की कोरडं पडतं. कातडी काढा, मीठ, हळद, कोकमाचं आगळ लावून पंधरा मिनिटं ठेवा, रव्यात घोळवा आणि तव्यावर एकदाच उलटा. डोकं आणि मधला काटा तिरफळाच्या आमटीला ठेवा.