कोल्हापुरात दोघांनी निवांत जेवावं कसं

लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला बायकोला एका नावाजलेल्या खानावळीत नेलं. रविवार, दुपारचा दीड. पाऊण तास बाहेर ताटकळल्यावर टेबल मिळालं आणि टेकतोय तोवर पुढच्या नंबरचं अख्खं कुटुंब आमच्या खुर्चीमागं येऊन उभं. पांढरा रस्सा संपेपर्यंत त्यांच्यातल्या आजोबांनी दोनदा घड्याळ बघितलं. पंधरा मिनिटांत आम्ही हात धुऊन रस्त्यावर. मटण झकास होतं, पण जेवताना आमच्यात झालेलं एकच बोलणं आठवतं: "भात घ्यायचा का?" तेव्हापासून चुकत-माकत जे जमवलं, ते क्रमानं सांगतो.

१. आधी वार, मग हॉटेल

एकाचा सोमवार, दुसऱ्याचा गुरुवार, घरातल्यांचा शनिवार. कोण कुठला वार पाळतं हे आधी विचारून घ्या, नाहीतर ताट समोर आल्यावर आठवतं. रविवारची दुपार सोडूनच द्या. शुक्रवारचा उपवास नसेल तर ती रात्र उत्तम. साडेसातला पोचलात तर कोपऱ्यातलं टेबल मिळतं आणि वाढप्यालाही घाई नसते. खानावळ आणि फॅमिली हॉटेल यातला फरकही ध्यानात ठेवा. चव बहुतेक वेळा खानावळीत, बसायला मिळतं हॉटेलात. पोटभर जेवायचं असेल तेव्हा पहिली, बोलायचं असेल तेव्हा दुसरं.

२. ताट सावकाश खायला शिका

हे सगळ्यात अवघड. आपलं ताट एकदमच येतं: सुकं मटण, तांबडा, पांढरा, दही-कांदा, भाकरी. मग वाढपी रश्श्याचं भांडं घेऊन फिरतच राहतो. पंजाबी हॉटेलासारखं आधी सूप, मग स्टार्टर असा प्रकार नाही, त्यामुळे वेग आपणच धरायचा.

सुरुवात पांढऱ्यानं करा. मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, खसखस, काजू. चटणीचं नाव नाही. वाटी तोंडाला लावून घोट घोट प्या, त्यात दहा मिनिटं सहज जातात. गरम असतानाच प्या, निवला की त्याची मजा गेली. मग भाकरी तांबड्यात कुस्करा. कांदा-लसूण चटणीचा झटका सोसत नसेल तर पांढरा आणि तांबडा एकाच वाटीत मिसळा. अस्सल खवय्ये नाक मुरडतील, मुरडू देत. भात मात्र लगेच मागवू नका. भात आला की जेवण संपत आलं असं दोघांनाही वाटतं आणि गप्पा आवरत्या होतात.

जोडीदार शाकाहारी असेल तर "तू काहीतरी पनीर घे" म्हणू नका. अख्खा मसूर आणि ज्वारीची भाकरी मिळते का बघा. ते ताट मटणाच्या ताटाशेजारी मान खाली घालत नाही. बिल कोण देणार हे घरीच ठरवा. काउंटरवर पाकिटांची झोंबाझोंबी पाव्हण्यांसाठी ठीक, आपल्यात नको.

३. जेवल्यावर लगेच गाडीला किक मारू नका

रंकाळा तलावावर एक चक्कर मारा. ओळखीचं कोणीतरी भेटणारच, हे धरून चाला, "काय, जोडीनं?" याला हसणं एवढंच उत्तर पुरतं. जेवण हलकं झालं असेल तर गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा. म्हशी तिथंच उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात. एक ग्लास दोघांत पुरे. मिशा पुसायला रुमाल न्या.

४. शनिवार-रविवारी एकच गाव

सकाळी जोतिबा, दुपारी पन्हाळा, संध्याकाळी नरसोबावाडी असा बेत पाहुण्यांना फिरवायला ठेवा. दोघांनी एकच जागा निवडावी.

पन्हाळा शहरापासून वीसेक किलोमीटर. शनिवारी दुपारनंतर चढा, रात्री वरच राहा. सज्जाकोठी, तीन दरवाजा हे शाळेच्या सहलीत बघितलेलं असतंच. आता अंधारबाव या गडावरच्या विहिरीच्या गारव्यात नुसतं बसून बघा. झुणका-भाकर आणि मडक्यातलं दही वर मिळतं. जुलै-ऑगस्टात धुकं इतकं दाट असतं की शेजारचं माणूस दिसत नाही. आम्हाला ते आवडतं. त्या दिवसांत पंचगंगेच्या पाण्याची चौकशी करूनच निघा, रस्ते बंद होतात.

दुसरा पर्याय नरसोबावाडी आणि पुढं खिद्रापूर. ही दोन गावं दिसतात, पण एकाच वाटेवर आहेत म्हणून माफ. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातल्या स्वर्गमंडपाला 48 खांब आणि छताला मधोमध गोल मोकळी जागा. भिंतीवरची शिल्पं एकेक बघत तासभर जातो, तोही फोटो न काढता. परतताना वाडीत कवठाची बर्फी आणि बासुंदी घ्या.

गावातच राहायचं तर रविवारी लवकर उठून मिसळ खा. आपल्याकडं तिच्यासोबत पाव नाही, ब्रेडच्या स्लाइस. कट, म्हणजे तिखट रस्सा, वेगळा मागा, म्हणजे ज्याचं त्याचं तिखट ज्याला त्याला.

५. रविवारची संध्याकाळ मोकळी

काही ठरवू नका. एकानं झोपावं, दुसऱ्यानं पेपर वाचावा. सातच्या सुमाराला भूक लागली की खासबागेकडनं भेळ बांधून आणा. चटणी आणि कांदा वेगळा द्यायला सांगा, नाहीतर घरी पोचेपर्यंत चिरमुरे मऊ पडतात.