छतावरचं जुनं सिलिकॉन आधी काढा, मगच नवं सीलंट
बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबी-खानापूरकडचा पाऊस कॅराव्हॅनच्या छताची खरी परीक्षा घेतो, म्हणून हे काम मे महिन्यातच उरकावं. गळती दिसली की जुन्या थरावरच नवी ट्यूब ओढायची, ही सर्रास होणारी चूक. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉनही नीट धरत नाही, मग पीयू (पॉलियुरेथेन सीलंट) कुठलं धरणार! प्लास्टिकच्या पट्टीने, तिरकं धरून, थर सोलून काढा; लोखंडी पात्याने रंग आणि फायबर दोन्ही खरवडतात. उरलेला चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दर खेपेला स्वच्छ फडकं घ्या. मग पाण्याचे थेंब टाका: मोत्यासारखे गोळा झाले, तर सिलिकॉन अजून आहे. ब्युटाइलचे (चिकट रबरी सीलंटचे) डाग मात्र टर्पेंटाइनने जातात. अ‍ॅक्रिलिकच्या खिडकीला थिनर अजिबात लावू नका, बारीक तडे जातात.

व्हेंटच्या (छतावरच्या हवेच्या झडपेच्या) फ्लँजखाली, म्हणजे पसरट कडेखाली, ब्युटाइल टेप. पुढे व्हेंट काढायचा झाला तर सुटतो तरी. पत्र्याच्या सांध्यावर पीयू किंवा एमएस पॉलिमर (हेही एक लवचीक सीलंट). व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्यावर नको, गंज धरतो. पीयू दिवसाला साधारण 2–3 मिमीच सुकतं, तेव्हा जाड थर दिला असेल तर दोन दिवस गाडी हलवू नका.