माइनक्राफ्टमध्ये रोमन जलसेतू बांधताना या चुका टाळा

दुरून ओळखू यावी अशी खूण म्हणून माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी (ब्लॉकांनी) बांधकाम करण्याच्या व्हिडिओ गेममध्ये रोमन जलसेतू, म्हणजे पाणी वाहून नेणारा कमानींचा पूल, उभारताना पहिली चूक बहुधा जागा निवडतानाच होते. सपाट माळावर उभारलेली कमानींची लांब रांग नुसत्या कुंपणासारखी दिसते. दक्षिण फ्रान्समधील नीम शहराला पाणी पुरवणारी रोमन जलवाहिनी सुमारे 50 किलोमीटर लांब होती, पण तिचा बहुतांश भाग जमिनीखाली होता; गार्दों नदीची दरी आडवी आली, तिथे ‘पाँ द्यु गार’ हा सुमारे 49 मीटर उंचीचा तीनमजली पूल बांधावा लागला. म्हणून आधी दरी शोधावी आणि पुलाची दोन्ही टोके डोंगरात शिरू द्यावीत.

पाटातले पाणी मध्येच थांबते, ही सर्वांत त्रासदायक अडचण. सपाट तळावर पाणी उगमाच्या ब्लॉकपासून (जिथे बादलीने पाणी ओतले, त्या ब्लॉकपासून) 7 ब्लॉकच पुढे सरकते, म्हणून अनेक जण दर 8 ब्लॉकांवर एक पायरी उतरवतात. तसे केल्यास 275 ब्लॉक लांबीच्या पुलावर पाट सुमारे 34 ब्लॉक खाली येतो आणि पूल घसरगुंडीसारखा दिसतो. नीमच्या जलवाहिनीचा संपूर्ण 50 किलोमीटरमधला उतार मात्र साडेबारा मीटरांच्या आसपास होता. त्याऐवजी पाट सपाट ठेवून एकाआड एक ब्लॉकवर बादलीने पाणी ओतावे. खाली भरीव तळ असेल, तर मधले ब्लॉक आपोआप उगमाचे होतात. हे पाणी वाहताना दिसत नाही, परंतु पुलाखालून जाणाऱ्याला पाटातले पाणी एरवीही दिसत नसते. खळखळाट हवाच असेल, तर तो शेवटच्या टोकाला, शहरातल्या हौदात पाणी पडते तिथे ठेवावा.

बर्फाळ प्रदेशात पाट गोठतो. रोमन लोक पाटावर दगडी फरशा घालून पाणी स्वच्छ राखत. खेळात तेच छत पाणी गोठू देत नाही. पाटाच्या कडेला अर्धे ब्लॉक किंवा जिने मात्र वापरू नयेत, कारण बादलीतले पाणी त्यांच्यातच भरते आणि बाहेरच्या बाजूने गळू लागते.

खेळात दगड अधांतरी राहतो, त्यामुळे खांबांकडे दुर्लक्ष होते आणि तिन्ही मजल्यांवर एकसारख्या कमानी काढल्या जातात. पाँ द्यु गारच्या खालच्या मजल्यावर 6, मधल्यावर 11 आणि वरच्या मजल्यावर आज 35 कमानी आहेत: खालच्या दोन मजल्यांत खांबावर खांब येतो, तर वरच्या कमानी अगदी लहान आहेत. कमानीची रुंदी विषम ब्लॉकांची ठेवली, तर माथ्याचा दगड बरोबर मध्यावर बसतो.

इतके करूनही पूल दुरून दिसत नसेल, तर खेळाच्या सेटिंगमधली दृश्यमर्यादा (किती अंतरापर्यंतचे दिसावे ते) तपासावी. ती 8 चंकांवर (एक चंक म्हणजे 16 ब्लॉक रुंदीचा चौरस तुकडा) असल्यास 128 ब्लॉकांपलीकडचे काहीच दिसत नाही.