प्रवाळाचे छायाचित्र काढताना रंगांवर किती विसंबावे?

पाण्याखाली कॅमेरा नेण्याआधी शरीर स्थिर तरंगत ठेवता आले पाहिजे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. परंतु ज्यांना सागरी जीवनाच्या प्रकृतीची नोंद ठेवायची आहे, त्यांची खरी गाठ पडते ती रंगांशी. मलाही याच सापळ्याने सर्वाधिक काळ अडकवून ठेवले आणि आजही प्रत्येक छायाचित्र तपासताना धाकधूक वाटते.

पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते. ५ ते १० मीटर खोलीनंतर तो फारसा उरत नाही. म्हणून आपण स्ट्रोब (पाण्याखालचा फ्लॅश) वापरतो किंवा नंतर व्हाइट बॅलन्स, म्हणजे छायाचित्रातील रंगांचा समतोल, बदलतो. प्रवाळाचे आरोग्य मात्र रंगावरूनच ओळखले जाते. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी साधारण १ अंश सेल्सिअसने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ आपल्या ऊतींत राहणारे, त्याला रंग देणारे सहजीवी शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. हेच विरंजन. स्ट्रोबचा प्रकाश जरा अधिक झाला, तर निरोगी प्रवाळही पांढराफटक दिसतो आणि संगणकावर पिवळसर-तांबूस छटा वाढवली, तर विरंजित प्रवाळ ठणठणीत वाटतो. त्यात अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळांच्या फांद्यांची वाढती टोके मुळातच फिकट असतात, तर काही प्रवाळ विरंजनाच्या काळात झळाळते निळे-जांभळे होतात आणि नवखा माणूस नेमके तेच निरोगी म्हणून टिपतो.

म्हणून चौकटीत रंगपट्टी ठेवाच. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच उपक्रमाचा तक्ता याच कामासाठी आहे. मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली प्रक्रिया न केलेली फाइल, जपा. तयार प्रीसेट (एका क्लिकने रंग बदलणारी आयती मांडणी) या कामात घातकच, असे माझे ठाम मत आहे, आणि गुरू निवडायचाच असेल तर पारितोषिकविजेत्या छायाचित्रकारापेक्षा प्रवाळांचा अभ्यासक बरा.

महागडा कॅमेरा नाही म्हणून खचू नका. अगदी जवळून, स्पर्श न करता पाहा: पांढऱ्या सांगाड्यावर पारदर्शक ऊती आणि इवली स्पर्शके दिसली, तर प्रवाळ जिवंत आहे, हिरवट-तपकिरी शैवालाचा केसाळ थर चढला असेल, तर तो भाग मेलेला आहे. काटेरी मुकुटाच्या तारामाशाने खाल्लेली जागाही पांढरीच दिसते, पण तिथे ऊती उरलेल्या नसतात.

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या नोआ या सागर व हवामानविषयक सरकारी संस्थेने चौथे जागतिक विरंजन जाहीर केले. पाणी वेळीच निवले, तर विरंजित प्रवाळ सावरू शकतो. त्यामुळे तारीख, खोली आणि तापमान लिहून ठेवा आणि काही आठवड्यांनी त्याच जागेचे, त्याच कोनातून, तेवढ्याच अंतरावरून पुन्हा छायाचित्र घ्या.