एका पानावर एकसष्ट शब्द

बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग ठाण्यातल्या एका कॉलेजात एफवायबीए. घणसोलीला ट्रेन पकडायची, रबाळे-ऐरोली म्हणेस्तोवर ठाणं यायचं. तेवढ्या पंधरा-वीस मिनिटांत मांडीवर अर्थशास्त्राचं इंग्रजी पुस्तक. ते अजून आहे माझ्याकडे. परवा माळा आवरताना सापडलं, म्हणून हे लिहायला बसले. पहिल्या धड्याच्या दुसऱ्या पानावर मी पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेले शब्द मोजले, एकसष्ट निघाले. तिसऱ्या धड्यापासून पुढे पुस्तक कोरं करकरीत आहे.

मी आळशी नव्हते. उलट वर्गात माझ्याइतकी मेहनत कोणी करत नसेल. अडला शब्द की डिक्शनरी, डिक्शनरीतला पहिला अर्थ की शब्दाच्या डोक्यावर. एका पानाला पाऊण तास. पान संपल्यावर कोणी विचारलं असतं, ‘काय वाचलंस?’, तर सांगता आलं नसतं.

एक वाक्य तर पाठच झालंय. ‘द कमिटी फेल्ड टु ॲड्रेस द इश्यू.’ ॲड्रेसवर मी लिहिलंय ‘पत्ता’, इश्यूवर ‘अंक’, फेल्डवर ‘नापास’. म्हणजे समिती नापास झाली आणि कुठल्यातरी अंकाचा पत्ता हरवला. समितीने मूळ प्रश्नालाच हात घातला नाही, एवढं साधं वाक्य होतं ते. तिन्ही शब्द मी सातवी-आठवीपासून ओळखत होते. तिथेच फसले.

हे नीट समजून घ्या, कारण दरवर्षी नवीन मुलं याच खड्ड्यात पडताना दिसतात. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारचे शब्द ठरवतात, डिक्शनरी फक्त उमेदवारांची यादी देते. दुसरं म्हणजे, इंग्रजीत कर्ता झाला की लगेच क्रियापद येतं आणि मग बाकीचं लटांबर. आपल्याकडे क्रियापद शेवटी बसतं. मराठी अर्थ इंग्रजी क्रमाने मांडले तर त्यांचं वाक्य होतच नाही, नुसते सुटे मणी राहतात. आणि तिसरं, डोक्यात एका वेळी मावतं किती? चौथा शब्द शोधून परत येईपर्यंत वाक्य कशाबद्दल होतं हे विसरलेलं असतं. मग पुन्हा पहिल्यापासून. असं तीनदा झालं की माणूस स्वतःलाच ‘ढ’ ठरवतो. मीही ठरवलं होतं.

पुढे एमएला असताना पॉल नेशन या भाषातज्ज्ञाचं काम वाचनात आलं. त्याने एका सहसंशोधकासोबत २००० साली केलेल्या अभ्यासात, इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांना गोष्ट वाचायला दिली होती. कोणाच्याही मदतीशिवाय बरं समजायचं तर साधारण ९८ टक्के शब्द आधीच ओळखीचे हवेत, असा त्याचा निष्कर्ष. ज्यांना ८० टक्केच शब्द येत होते, त्यांच्यातल्या एकालाही गोष्ट पुरेशी कळली नाही. मी लगेच माझा हिशेब केला. पानावर अंदाजे तीनशे शब्द, अडलेले एकसष्ट. म्हणजे ओळखीचे जवळपास ८० टक्केच! माझ्या जागी कोणीही बसलं असतं तरी तेच झालं असतं. हे कळल्यावर मी रडले होते, सांगायला लाज नाही.

तेव्हा ९८ टक्क्यांचा व्यवहारातला अर्थ असा की पानाला पाच-सहाच शब्द अडावेत. पंधरा अडले तरी दात-ओठ खाऊन निभावेल. त्याहून जास्त अडत असतील तर ते पुस्तक आत्ता तुमच्यासाठी नाही. बंद करा. सोपं घ्या, अगदी लहान मुलांचं घ्या. ट्रेनमध्ये कोण बघतंय?

पण कॉलेजचं पुस्तक बंद करून चालत नाही, हे मलाही ठाऊक आहे. तिथे उलटी वाट धरा. तोच विषय आधी मराठीत वाचा. मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसायचे. १८९३ सालची संस्था आहे ती. चलनवाढ, पतपुरवठा वगैरे मराठीत पक्कं झालं की इंग्रजी धडा निम्मा उलगडलेला असायचा. एका मैत्रिणीच्या मते ही चीटिंग होती. असेना का.

याची गंमत मला एका साध्या बातमीने कळली. नवी मुंबईचं पाणी मोरबे धरणातून येतं, त्यामुळे पावसाळ्यात घरोघरी तोच विषय. मराठी पेपरात बातमी वाचली होती, मग तीच इंग्रजीत पाहिली. ‘कॅचमेंट एरिया’ हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा समोर आला आणि डिक्शनरी न उघडता कळला. पाऊस तिथे इतके मिलिमीटर पडला म्हणतायत, म्हणजे पाणलोट क्षेत्रच असणार. तो शब्द पुन्हा विसरले नाही. एकसष्टांपैकी आठ तरी आठवतायत का, विचारू नका.

आमचे एक सर प्रत्येकाला सांगायचे, ‘रोज इंग्रजी अग्रलेख वाचा.’ मनाने चांगले होते, पण पोहता न येणाऱ्याला खाडीत ढकलण्यासारखा सल्ला होता तो. आणि तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीवाल्या क्लासच्या पाट्यांबद्दल मी काही बोलत नाही. आप्पांचे चार हजार रुपये गेलेत त्यात. वाशीच्या मार्केटात पोती उचलून मिळवलेले.

जिद्दीबद्दलही दोन शब्द. गार्डनर आणि लॅम्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली कॅनडातल्या माँट्रियलमध्ये फ्रेंच शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचा अभ्यास केला. त्यातून दोन प्रकारच्या ओढी चर्चेत आल्या. एक, नोकरी-परीक्षेसारख्या उपयोगासाठी शिकणं. दुसरी, त्या भाषेच्या माणसांत मिसळावंसं वाटणं. काही शिक्षक पहिलीला हिणवतात. त्यांना म्हणावं, माथाडी वसाहतीत राहून बघा. माझी ओढ नोकरीचीच होती, आणि तिच्यात कमीपणा नाही. फक्त एक खरं आहे: तिने मला पुस्तकापर्यंत आणलं, दुसऱ्या धड्यापलीकडे नेलं नाही. तिथून पुढे नेलं ते ‘अरे, हे कळतंय की!’ या वाटण्याने. म्हणून मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघत बसण्यापेक्षा कळेल असं एक पान वाचा.

बोलताना माझी अजूनही ततपप होते. ऑफिसच्या मीटिंगमध्ये वाक्य जुळेपर्यंत विषय बदललेला असतो.

गेल्या महिन्यात आप्पांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या मेडिक्लेमचं पत्र आलं. दोन पानं, बारीक टाइप. मी आधी फक्त दोन गोष्टी शोधल्या, काय मागतायत आणि कधीपर्यंत. मधला कायदेशीर मजकूर सोडून दिला. सात-आठ शब्द अडले, त्यातला एकच पाहिला.

“काय म्हणतायत गं?” आप्पांनी विचारलं.

“डिस्चार्ज कार्डाची मूळ प्रत हवीय. पंधरा दिवसांत.”

ते उठले आणि गोदरेजच्या कपाटातली फाइल काढायला लागले.