कोटिंगवर पाण्याचे डाग? आधी घासणं थांबवा

गाडीच्या रंगावर सिरॅमिक कोटिंग (रंग जपणारा पातळ पारदर्शक थर) केलंय म्हणजे डाग पडणारच नाहीत, इथूनच चूक सुरू होते. कोटिंगवर पाणी पसरत नाही, त्याचे टपोरे थेंब होतात. तापलेल्या बॉनेटवर थेंब सुकला की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तेवढ्याच जागेत, बहुतेक कडेला, साचतात. म्हणून डाग पांढऱ्या कड्यासारखा दिसतो. मुंबईत भातसा-तानसा धरणांतून येणारं नळाचं पाणी तसं हलकं, म्हणजे कमी क्षारांचं असतं. पण सोसायटीत गाड्या धुवायला बऱ्याचदा बोअरचं किंवा टँकरचं पाणी असतं, आणि ते अनेकदा जड निघतं.

सगळ्यात महागात पडते ती कंपाउंड (रंग घासून चमकवायची पेस्ट) लावून घासायची घाई. कोटिंगचा थर जेमतेम 1-2 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यामुळे डागासोबत तोही निघतो. क्ले बारनेही (चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी वडी) बारीक ओरखडे येतात. क्षार विरघळवायचे असतात, खरवडायचे नसतात.

गाडी सावलीत घ्या. पॅनेल (बॉनेट, दार असा पत्र्याचा भाग) हाताला गार लागलं पाहिजे. आधी पीएच न्यूट्रल (ना आम्ल, ना अल्कली) कार शाम्पूने धुवा, नाहीतर धूळच ओरखडे पाडेल. मग पांढरं व्हिनेगर आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात मिसळा. आधी कोपऱ्यात थोडंसं लावून बघा. मायक्रोफायबरचं मऊ फडकं त्यात भिजवून डागावर 1 मिनिट नुसतं ठेवा, सुकू देऊ नका. न दाबता उचला, भरपूर पाण्याने धुवा, लगेच कोरडं करा. गरज वाटली तर हेच 2-3 वेळा. तरीही डाग हलला नाही, तर कोटिंगवर चालतं असं लेबलवर लिहिलेलं वॉटर स्पॉट रिमूव्हर आणा. टॉयलेट क्लीनर मात्र नको: त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, क्रोम आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची वाट लागते. लिंबाची फोड चोळणंही घासणंच झालं.

डाग वर बसलाय की आत उतरलाय? धुतलेल्या पॅनेलवर पातळ प्लास्टिकची पिशवी बोटांवर घालून हलकेच फिरवा. खरखर लागली तर क्षार वर आहेत, निघतील. गुळगुळीत लागूनही कडं दिसत असेल तर पृष्ठभाग खाल्ला गेलाय. तिथे व्हिनेगर कितीही ओता, उपयोग नाही. तेवढ्या भागाला पॉलिश आणि नवं कोटिंग, तेही जाणकाराकडूनच.

बेसमेंटमध्ये स्लॅबमधून गळणारं पाणी वेगळंच प्रकरण आहे. त्यात काँक्रीटमधला चुना येतो आणि गाडीच्या छतावर पांढरी ढेकळं बसतात. नखाने किंवा ब्लेडने काढायला जाऊ नका. व्हिनेगरचं फडकं ठेवल्यावर बारीक बुडबुडे आले, तर चुना सुटतोय असं समजा. हे पाणी अल्कलीयुक्त असल्याने दिवसेंदिवस तसंच राहिलं तर रंगापर्यंत पोचतं. गळती बंद होईपर्यंत जागा बदला किंवा कव्हर घाला.

पाण्याचे थेंब बनेनासे झाले की लोक कोटिंग गेलं म्हणून परत पैसे मोजतात. पुष्कळदा वर क्षारांचा पापुद्रा बसलेला असतो. तो काढल्यावर पाणी पुन्हा घरंगळू लागतं. आधी हे करून बघा, मग दुकान गाठा.

गाडी धुणाऱ्याला इतकंच सांगा: उन्हात धुऊ नकोस, एक पॅनेल धुतलं की तेच आधी पूस, आणि शेजारच्या दहा गाड्यांचं फडकं इथे वापरू नकोस. त्याला 2 स्वच्छ मायक्रोफायबर तुम्हीच घेऊन द्या.