सोन नदीकाठी हाउसबोट धक्क्याला लावताना

फ्रान्समध्ये हाउसबोट भाड्यानं घेऊन नदीतून फिरायचं ठरवलंत, तर परवान्याची काळजी नको. बोट देणारी कंपनी निघण्याआधी चालवायला शिकवते आणि तेवढ्या सफरीपुरतं कार्ड देते. खरी कसोटी लागते ती मुक्कामाच्या गावात, बोट काठाला लावताना. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळं तेवढ्यावरच लिहितो.

उदाहरणाला तुर्न्यू घेऊ. सोन नदीच्या उजव्या तीरावरचं हे छोटं गाव. उजवा-डावा तीर आपल्या कालव्यांसारखाच ठरतो, पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून. वरच्या अंगाला शालों शहर आहे, तिथून पाण्यानं साधारण तीस किलोमीटर. वाटेत ऑर्मचा एकच लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारा दारांचा हौद, लागतो, पण तो मालवाहू जहाजांच्या मापाचा आहे. त्यात शिरण्याआधी सगळ्यांनी लाइफ जॅकेट घालायचं, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा. सकाळी निघालात तर दुपारी पोचता. उशीर करू नका. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत छोटे धक्के भरून जातात, आणि अंधारात भाड्याची बोट चालवायला मनाई असते.

गाव दिसलं की लगेच काठाकडं वळू नका. आधी पाणी बघा. सोन संथ आहे, दोन हजार वर्षांपूर्वी ज्युलियस सीझरनंही तिच्या संथपणाबद्दल लिहून ठेवलंय. पण संथ म्हणजे थांबलेली नव्हे. पाण्यावरचं पान किंवा काटकी कुठं चाललीय ते बघा, आणि बोटीचं नाक प्रवाहाच्या विरुद्ध ठेवूनच काठाला या. शालोंकडून येताना पाणी तुमच्या पाठीमागून येत असतं. म्हणजे धक्का ओलांडून थोडं खाली जायचं, रुंद जागा बघून वळायचं आणि मग वर यायचं. नृसिंहवाडीचे नावाडी पाण्याला तोंड देऊनच घाटाला नाव लावतात, त्यामागं हेच कारण आहे. समोरून पाणी असलं की वेग आपोआप मरतो आणि बोट हातात राहते. पाणी पाठीमागून असेल तर इंजिन बंद केलं तरी ती पुढंच जाते.

फेंडर, म्हणजे काठाची आपट झेलणाऱ्या बोटीच्या कडेच्या उशा, आधीच बाहेर सोडा. तिरकं येऊन नाक काठाला भिडत आलं की एकानं पायरी उतरल्यासारखं खाली उतरायचं, उडी मारायची नाही. पहिला बांधायचा तो पुढचा दोर. खुंट्याला एक वेढा दिला की पुरे, घर्षणच बोट धरतं. दोर हाताला गुंडाळू नका. पुढचा दोर ताणला की प्रवाह मागची बाजू आपणहून काठाला आणून देतो, मग मागचा बांधा. बोट आणि काठ यांच्या फटीत हात-पाय कधीही घालू नका. हाउसबोट कित्येक टनांची असते, ती आपल्या तंगडीनं थांबत नाही. पोरांना हे आधी बजावून ठेवा.

दोन दोरांवर भागेल असं वाटतं, पण सोनवर भागत नाही. इथून मोठी मालवाहू जहाजं जातात. जहाज जवळ आलं की काठाचं पाणी आधी ओढलं जातं आणि मग परत उसळतं. बोट पुढं-मागं हिसकते, ओट्यावरचे कप खाली येतात. म्हणून मधून दोन तिरके दोर बांधा, एक पुढं जाणारा, एक मागं.

तरंगत्या धक्क्यावर पाण्याबरोबर धक्काही वर-खाली होतो. दगडी काठाला बांधलंत तर मात्र दोरात थोडी ढील ठेवा आणि झोपण्याआधी एकदा बघा. वरच्या भागात पाऊस झाला असेल तर पहाटेही बघा. पावसाळ्यात कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे आपल्याकडं पोरंसोरंही सांगतात. फ्रान्समध्ये पुराची माहिती देणारी व्हिजिक्रू नावाची सरकारी सेवा आहे, शालों आणि खालच्या अंगाच्या माकों शहराची पातळी मोबाईलवर दिसते. रोज सकाळी बघायची सवय लावा.

मोठ्या प्रवासी जहाजांसाठी राखलेला धक्का रिकामा दिसला तरी तिथं बांधू नका. छोट्या धक्क्यावर मध्येच न थांबता टोकाला सरका, म्हणजे मागून येणाऱ्याला जागा मिळते. कुणी येताना दिसलं की 'बाँझुर' म्हणून त्याचा दोर घ्यायला पुढं व्हा. परक्या गावात ओळख अशीच होते. वीज-पाण्याचे खांब काही ठिकाणी टोकनवर चालतात, तेव्हा टोकन कुठं मिळतं ते आल्याआल्या विचारा.

बाजारहाट लवकर करा. छोट्या गावातली दुकानं दुपारी बंद होतात, सोमवारी तर पुष्कळशी दिवसभर. पाव सकाळीच आणा. कांदा-लसूण चटणी आपली आपण न्यावी, बोटीवर गॅस असतोच. खरकटं आणि तेल नदीत टाकू नका. पंचगंगेचं काय झालंय ते रोज डोळ्यांनी बघणाऱ्यांनी दुसऱ्याच्या नदीला तरी जपलंच पाहिजे. आणि अकराव्या शतकातलं सँ-फिलिबेर मठाचं चर्च बघितल्याशिवाय गाव सोडू नका.

निघताना वीज-पाण्याच्या तारा-नळ्या आधी काढा, इंजिन चालू करा, मग तिरके दोर आणि मागचा सोडा. पुढचा शेवटी. तो खुंट्याभोवतून घालून दोन्ही टोकं बोटीवर घेतली असतील, तर काठावर कुणी न उतरता सोडता येतो. नाक काठापासून थोडं ढकला, हळू पुढं काढा, आणि वळण्याआधी वरून-खालून जहाज येत नाही ना, एवढं बघून घ्या.